उंबराला वाचून दाखवलेला रिपोर्ट

विमा सर्वेअरचे रिपोर्ट कोण वाचतं? कंपनीतला एक साहेब वाचतो, तोही शेवटचं पान. बाकीची पानं फाइल जाड दिसावी म्हणून असतात. मी आयुष्यात एवढे रिपोर्ट टाइप केले, पण पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत मोठ्या आवाजात वाचला गेला तो एकच. वाचणारे होते एक निवृत्त सुभेदार आणि ऐकणारा होता एक उंबर. उंबरानं शांतपणे ऐकून घेतलं, दुसरा इलाजच नव्हता त्याला. वाचन संपल्यावर त्याला तोडलं.

ही गोष्ट मी एकोणीस वर्षं कुणाला सांगितली नाही, बायकोलाही नाही. लोक म्हणतात मी मुळातच अबोल. तसं काही नाही. एक गोष्ट गिळली की तिच्यावर झाकण ठेवायला बाकीचंही बोलणं कमी करावं लागतं, एवढंच.

आधी धंदा सांगतो, म्हणजे गुन्हा कळेल. घराचा विमा उतरवणारा एका बाजूला, कंपनी दुसऱ्या बाजूला आणि मोडकंतोडकं घर मध्ये. ते घर बघून 'काय झालं, कशानं झालं' हे लिहून देणारा माणूस म्हणजे सर्वेअर. घरमालकाला वाटतं हा कंपनीनं पाठवलेला जावई. कंपनीला वाटतं हा घरमालकाच्या पोह्यांना भुलतो. दोघांचंही निम्मं निम्मं खरं असतं.

पॉलिसीत बारीक अक्षरात पुष्कळ असतं, पण त्याचं सार मी एका ओळीत सांगू शकतो. विमा अचानकाचा असतो, हळूहळूचा नसतो. बैलानं शिंग मारून दात पाडला तर ते अचानक. दात किडून पडला तर हळूहळू. आग, वीज, वादळ, पूर हे अचानकवाले. गंज, वाळवी, ओल हे हळूहळूवाले. आणि झाडाचं मूळ म्हणजे हळूहळूवाल्यांचा राजा. ते तुमच्या पायाखाली वर्षाला बोटभर सरकतं, आवाज करत नाही, तक्रार करत नाही, आणि एक दिवस तुमच्या स्वयंपाकघराची भिंत तुमच्याकडे बघून हसते. कंपनी म्हणते, हे रोज होत होतं, तुम्ही रोज बघत होता, तेव्हा राम राम.

सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षांत आमच्या सातारा-सांगलीकडे घराचा विमा घेणारे तसे थोडेच. पण घेणारा जादा हप्ता भरून भूकंपाची जोड मात्र हटकून घ्यायचा. कोयनेकडून अधूनमधून जमीन हलायची. ताटातली आमटी थरथरली की बायामाणसं 'आली गं बया' म्हणायची आणि पुढचा घास घ्यायची. या हादऱ्यांची आम्हां सर्वेअर लोकांना फार धास्ती, कारण जिल्ह्यातली प्रत्येक जुनी भेग परवाच्या हादऱ्याच्या नावावर चढायची. आजोबाच्या काळापासूनची भेग दाखवून माणूस शपथेवर सांगायचा, "एका मिंटात झालं बघा सायेब!"

म्हणून भेगेचं वय ओळखावं लागे. नव्या भेगेच्या कडा धारदार असतात, आतला रंग ताजा असतो. जुन्या भेगेत धूळ असते, कोळ्याची जाळी असते, दर दिवाळीला दिलेल्या चुन्याचे ओघळ आत गेलेले असतात. ते ओघळ मोजून घर कितव्यांदा रंगवलं हे मी सांगत असे. तेव्हा तिशीत होतो. माझ्याइतका शहाणा माणूस कृष्णाकाठी दुसरा नाही, असं माझं मत होतं.

ते मत पक्कं झालं सांगलीला. नेमगोंडा अण्णा हे हळदीचे व्यापारी. त्यांच्या घराच्या मागच्या भिंतीत पिंपळ उगवलेला, आणि भिंत खालपासून वरपर्यंत चिरलेली. अण्णांचा दावा भूकंपाचा.

"अण्णा, भेग जुनी दिसते."

"जुनी कशी हुईल सायेब? आतनं बघा की. कशी कोरी करकरीत हाय!"

कोरी होती खरी. जरा जास्तच कोरी होती. आत एका ठिकाणी दात घासायच्या ब्रशाचा केसही अडकलेला. मी बॅटरी घेऊन वर वर सरकत गेलो. छातीएवढ्या उंचीवर साफसफाई एकदम थांबली होती आणि वीतभर सोडून पुढं पुन्हा सुरू झाली होती. त्या सोडलेल्या वीतभर भागात मुंग्यांचं भलंमोठं वारूळवजा घर. अंडी, दाणे, सगळा पिढीजात संसार.

"अण्णा, हे काय?"

"मुंग्या हायत."

"परवाच्या हादऱ्यानंतर राहायला आल्या?"

अण्णांनी मुंग्यांकडं बघितलं. मग स्वतःच हसायला लागले. "आता काय सांगू सायेब? ब्रश फिरवत आलो, आन ह्या दिसल्या. जैनाचा हात, कसा फिरवू? खोटं तुमच्या कागदाला लागलं आसतं, ह्यास्नी हलवलं आसतं तर माझ्या जिवाला लागलं आसतं. म्हटलं, कागदावर भागू दे."

निघताना त्यांनी हळदीची पुडी पुढं केली. मी घेतली नाही. ते म्हणाले, "लाच न्हवं वो. हळदीनं मुंग्या येत न्हाईत. आयुष्यभर दुसऱ्यास्नी विकली, सोताच्या भिंतीला लावली न्हाई, म्हणून आज सापडलो."

त्या दिवसापासून मी किड्यामुंगीच्या साक्षीवर विश्वास ठेवायला लागलो. माणूस खोटं बोलतो, किडा बोलत नाही, असं चहाच्या टपरीवर मोठ्या ऐटीत सांगायला लागलो. हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढं ते माझ्याच तोंडावर येऊन पडणार आहे.

कडेगावच्या बाजूचं गाव. नाव सांगत नाही, गावाचा काही दोष नाही. तिथं सुभेदार गणपतराव राहत. फौजेतून निवृत्त होऊन आलेले, नवं घर बांधलेलं, एजंटानं समजावून सांगितल्यावर भूकंपाच्या जोडीसकट विमा उतरवलेला. मी पोचलो तेव्हा ते दारात सावधान उभे होते, बगलेत लांबलचक रजिस्टर.

"सकाळचे सात वाजून धा मिंटं. मी दाढी करत हुतो. आरसा पडला, गाल कापला, भिंत फाटली. ह्याच क्रमानं."

"दुसऱ्या कुणाला हादरा जाणवला?"

"गाव रानात हुतं. ऊसतोड चालू. रानात कुणाला काय कळतंय? ही बघा खूण." त्यांनी गाल पुढं केला. गालावर इंचभर व्रण होता. मी म्हटलं, "सुभेदार, गाल पॉलिसीत बसत नाही." ते हसले नाहीत.

भिंत उत्तरेची. भेग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी खाली आलेली. हादऱ्याची भेग बहुधा अशीच कोपऱ्यातून तिरकी जाते. पण ती जोत्यापर्यंत उतरली होती, आणि भिंतीपलीकडे आठ-नऊ हातांवर शेजारणीच्या परड्यात मोठा उंबर उभा. मी जोत्याजवळ खणायला लावलं. हाताच्या मनगटाएवढं मूळ पायाला घासून गेलेलं निघालं. मूळ नुसतंच जवळून जात होतं की पाया उचलत होतं, हे बघून सांगता येईना.

शेजारीण म्हणजे हौसाक्का. पन्नाशीच्या, एकट्या, दोन म्हशी आणि एक उंबर असा संसार. दोन घरांमध्ये कमरेएवढा बांध. रोज सकाळी सुभेदार बांधाच्या अलीकडे उभे राहून त्यांना पेपर वाचून दाखवायचे, पलीकडे उंबराच्या सावलीत त्या भाजी निवडत ऐकायच्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण जगाची खबर सगळ्या गावाआधी त्यांना. वाचून झालं की बांधावरून ताकाचा तांब्या इकडं यायचा. उंबराचं त्या सगळं करायच्या. गुरुवारी दिवा, उन्हाळ्यात दोन घागरी पाणी.

"झाडानं केलं म्हणताय व्हय सायेब?" त्यांनी विचारलं.

"अजून काही म्हणत नाही. कागदाला विचारतो."

ही आमच्या धंद्यातली साधी युक्ती. भेगेवर आडवी, पातळ कागदाची पट्टी चिकटवायची. दोन्ही टोकांवर सही करायची. महिन्यानं यायचं. भेग एकदाच्या हादऱ्याची असेल तर ती जिथल्या तिथं राहते, पट्टी शाबूत. मुळाची असेल तर ती वाढत राहते, पट्टी फाटते. फाटली तर हळूहळू, न फाटली तर अचानक. न्यायाधीशाचं काम बोटभर कागदानं करायचं.

पिशवीत हात घातला तर डिंकाची बाटली सांडलेली. एसटीच्या खड्ड्यांनी बूच उडवलं होतं, आणि पॉलिसीची प्रत माझ्या डब्याला कायमची चिकटली होती. मी आक्कांना म्हटलं, थोडी खळ करून देता का, पिठाची?

आक्कांनी मनापासून खळ केली. झाडाच्या अब्रूचा प्रश्न होता, हयगय कशी करतील? वाटी घेऊन आल्या तेव्हा खळ तांबूस दिसत होती. "जरा गूळ घातलाय बघा. आसा चिकटंल की सुटायचं नाव न्हाई."

मी तीन पट्ट्या लावल्या. सुभेदारांना बजावून सांगितलं, "महिनाभर कुणाही माणसाचा हात लागता कामा नये. लहान नाही, मोठं नाही. रोजची नोंद ठेवा."

"हुकूम," ते म्हणाले, आणि रजिस्टर उघडून तो हुकूम लिहून घेतला.

महिन्यानं गेलो तर तिन्ही पट्ट्या मधोमध, बरोबर भेगेवर तुटलेल्या. माझी छाती फुगली. आता एक गोष्ट कबूल करतो. ताणानं फाटलेल्या कागदाची कड सरळ असते, खाल्लेल्याची दातेरी. हे मला ठाऊक होतं, मीच चार जणांना शिकवलं होतं. त्या कडा दातेरी होत्या. आणि तीन साक्षीदार शब्दाला शब्द एकसारखं बोलायला लागले की ते पढवलेले असतात, हे कुठल्याही वकिलाला कळतं. पण विट्याकडची एसटी सुटायला वीस मिनिटं होती.

सुभेदारांनी रजिस्टर पुढं केलं. रोज दोन नोंदी, सुरेख अक्षर. मी पहिल्या पानावर 'माणसाचा स्पर्श: नाही' एवढं वाचलं, शेवटच्या पानावर तेच वाचलं, मधली पानं पत्त्यासारखी फर्रर्र केली, म्हटलं "ठीक आहे," आणि खाली सही ठोकली.

रिपोर्ट तीन पानांचा झाला. नुकसान शेजारच्या उंबराच्या मुळांमुळे, क्रमाक्रमानं झालेलं असून अद्याप चालू आहे. हादऱ्याचा संबंध नाही. दावा देय नाही. इंग्रजी असं झोकदार होतं की मी स्वतःच दोनदा वाचलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर दावा बुडाला, संपलं. पण सुभेदारांचा दावा नाकारल्याचं गावाला कळलं, आणि गावानं स्वतःचा निकाल लावला. म्हातारा विम्यासाठी भूकंप आणतोय! पारावर कुणी पाय आपटला की दुसरा ओरडायचा, "धरा रं, सुभेदाराची भिंत!" त्यांचं नावच 'भूकंप सुभेदार' पडलं. ज्या माणसानं आयुष्यभर हजेरीत एक मिनिट खोटं लिहिलं नव्हतं, त्याला गाव लबाड म्हणायला लागलं, आणि ते माझ्या सहीनं.

तिसऱ्यांदा गेलो ते पोस्टकार्ड आलं म्हणून. 'आपल्या रिपोर्टप्रमाणे झाड काढले. आता भेग थांबली का, पाहून जावे.' मी हबकलोच. झाड काढा असं मी कुठं लिहिलं होतं?

बांधापलीकडे ऊन होतं. भरपूर, लख्ख, निर्लज्ज ऊन. मध्ये उंबराचा बुंधा, त्यावर वाळलेलं हळदकुंकू. आक्का दिसल्या नाहीत. सुभेदारांनी सगळं सांगितलं, ते कवायतीच्या आवाजात.

आक्कांनीच काढायला लावलं होतं. सुभेदार म्हणाले होते, "आक्का, झाडाचा दोष न्हाई. हादरा हुता. मी डोळ्यांनी बघितलाय." त्यावर आक्का म्हणाल्या होत्या, "भाऊ, शिकलेला माणूस खोटं लिवंल व्हय? माज्या झाडानं दुसऱ्याचं घर फुटतंय, ही बोलणी मला नकोत."

पण गावात उंबराला कुऱ्हाड लावायला कुणी तयार होईना. शेवटी म्हसवडकडचा शिदबा नावाचा तोड्या आला. त्यानं उंबराला हळदकुंकू वाहिलं, पाखरांना 'उठा, दुसरीकडं जावा' म्हणून सांगितलं, आणि कुऱ्हाड खाली ठेवून बसला. "ज्यानं हे झाड काढाय लिवलंय, त्येचा कागद आणा. झाडाला वाचून दावा. पाप ज्याच्या सहीचं, त्येच्या घरी. मी नुसता हात."

सुभेदारांनी माझा रिपोर्ट आणला आणि उंबरासमोर उभं राहून इंग्रजीत, फौजी इंग्रजीत, पहिल्यापासून वाचला. 'क्रमाक्रमानं' या अर्थाच्या इंग्रजी शब्दावर ते तीनदा अडखळले म्हणे. शिदबा म्हणाला, "झाडाला विंग्रजी कळतंय का?" सुभेदार म्हणाले, "मला तरी कुठं पटतंय? पण सही वाचतो, ती कळंल." मग माझं नाव, माझ्या वडलांचं नाव, आडनाव, लायसनचा नंबर सगळं उंबराला ऐकवलं. त्यानंतर पहिला घाव.

मी बुंध्याकडे बघत होतो. इकडं भिंतीवर जुन्या पट्ट्यांशेजारी सुभेदारांनी स्वतः एक नवी पट्टी लावली होती, पोस्टातल्या डिंकानं. ती शाबूत होती. "झाड गेलं, भेग थांबली. तुमचं खरं झालं," ते म्हणाले, आणि रजिस्टर माझ्या हातात दिलं. "हे घेऊन जावा. मला आता बघवत न्हाई."

एसटीत खिडकीशी जागा मिळाली. वेळ जाईना म्हणून रजिस्टर उघडलं. पट्ट्या लावल्यानंतरची तिसऱ्या दिवसाची सकाळ: 'भेग: फरक नाही. माणसाचा स्पर्श: नाही. झुरळे: दोन. भेगेतून येऊन खळ खात आहेत. हुकूम माणसांपुरता असल्याने हाकलली नाहीत.' चौथा दिवस: 'झुरळे: पाच.' सहावा: 'झुरळे: अकरा. मधली पट्टी तुटली. भेग: फरक नाही.' नवव्या दिवशी तिन्ही तुटल्या. तिथून पुढं 'झुरळे: गैरहजर.'

मी ते पान किती वेळा वाचलं कुणास ठाऊक. साताऱ्याच्या स्टँडवर कंडक्टरनं हलवलं तेव्हा उतरलो.

त्याच आठवड्यात कंपनीला पत्र लिहिता आलं असतं. दावा पुन्हा उघडता आला असता. झाड परत आलं नसतं, पण एका माणसाचा शब्द परत आला असता. मी लिहिलं नाही. मनाला सांगितलं, हे उघड झालं तर आक्कांना कळेल की त्यांच्याच गुळानं त्यांचं झाड गेलं. ते दुःख कशाला द्या? फार देखणं कारण होतं. मी ते एकोणीस वर्षं पुसून-पुसून वापरलं. खरं कारण वेगळं होतं. झुरळांनी फसवलेला सर्वेअर म्हणून माझं हसं झालं असतं आणि लायसन गेलं असतं. सुभेदारांचं हसं होत होतं, माझं होत नव्हतं, आणि ही वाटणी मला सोयीची होती.

त्यानंतर मी शेकडो भेगा बघितल्या. पट्टी लावताना डिंकाच्या दोन बाटल्या ठेवायचो. पदार्थात गूळ जास्त झाला की जेवण जायचं नाही. बायको समजायची, मधुमेहाला भितो.

गेल्या वर्षी साताऱ्यात माझ्याच घराच्या न्हाणीची भिंत चिरली. शेजारच्यांचा बदाम, त्याची मुळं. विमा होताच. कंपनीनं एक तरुण सर्वेअर पाठवला. त्यानं विचारलं, "काका, हे हळूहळू झालंय का?" आणि तीस वर्षं ज्यानं ह्याच उत्तराची टिंगल केली, त्या माझ्या तोंडून आपसूक निघालं, "छे हो, एका मिनिटात झालं!"

तो हसला. वहीत काहीतरी लिहिलं. मी म्हणत होतो, जरा पलीकडून बघा, तो म्हणाला, "ठीक आहे, ठीक आहे," आणि घड्याळ बघितलं. ते 'ठीक आहे' मला ओळखीचं वाटलं. दुसऱ्या दिवशी कपाटातलं रजिस्टर काढून मी कडेगावची एसटी धरली.

सुभेदार आता पाठीत वाकलेत, पण दारात उभे राहिले ते सावधानच. मी बसलो नाही. रजिस्टरचं ते पान उघडून पुढं धरलं आणि सांगून टाकलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"हे मी लिवलंवतं."

"हो."

"तुमी बघून 'ठीक आहे' म्हणाला."

"वाचलं नव्हतं."

त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. आलं ते आश्चर्य. "मला वाटलं, सायबांच्या हिशेबात झुरळं धरत न्हाईत. म्हणून मी पुन्ना बोललो न्हाई. न वाचता सही? आवं, फौजेत आसं कुणी..." त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "मला काय सांगताय? तिकडं सांगा."

ते उत्तरेच्या बांधाकडे चालायला लागले. मागून मी. आणि बांधापलीकडे मला दिसला तो उंबर. बुंध्यातून चार फांद्या फुटून आलेल्या, प्रत्येक मांडीएवढी, घराच्या वर गेलेल्या. खाली दाट सावली. पण बांधाच्या अलीकडे, जिथं सुभेदार उभे राहायचे, तिथं गुडघाभर गवत. त्यांच्या सुनेनं नंतर सांगितलं, खोट्या दाव्यापायी बाईमाणसाचं झाड तोडायला लावणारा म्हणून गाव बोलायला लागल्यापासून त्यांनी बांधावर पाय ठेवला नव्हता. पेपर ते एकटेच वाचत, मनातल्या मनात.

"आक्का!" त्यांनी हाक मारली. पायानं गवत बाजूला करत ते बांधाशी उभे राहिले.

हौसाक्का काठी टेकत आल्या. आधी त्यांनी सुभेदारांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ह्यो तो कागदवाला न्हवं?"

मी सांगितलं. पट्ट्या झुरळांनी खाल्ल्या, भेग वाढलीच नव्हती, झाडाचा दोष नव्हता, सुभेदारांचा शब्द खरा होता. गुळाचं मी सांगितलं नाही.

त्यांनी उंबराकडे बघितलं. "खळ मी केलीवती," त्या म्हणाल्या. "गूळ घातलावता त्यात."

मी रजिस्टर मिटलं.

"मग लय ग्वाड लागली आसंल झुरळास्नी." आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लागला, तो बराच वेळ तिथंच राहिला. मग पदर काढून मला विचारलं, "मला वाईट वाटंल म्हणून गप ऱ्हायला व्हय इतकी वर्सं?"

तो देखणा दरवाजा त्यांनी स्वतः उघडून दिला होता. नुसतं 'हो' म्हणून आत जायचं होतं.

"नाही आक्का. लायसन जाईल म्हणून."

"आसं व्हय," त्या म्हणाल्या. "मग खरं बोलाय येतंय की तुमास्नी." मग सुभेदारांकडे वळल्या. "आन तुमी भाऊ? झुरळं दिसली तर चप्पल न्हवती व्हय पायात?"

"हुकूम माणसांपुरता हुता," सुभेदार म्हणाले.

"जळ्ळा तो हुकूम! घरात झुरळं मोजत बसलाय रोज सकाळ-संध्याकाळ, आन मला पेपरातली लढाई वाचून दावताय!"

पहिल्यांदाच सुभेदार हसताना मला दिसले. गालावरचा व्रण हसताना आत जातो.

मी निघणार, तर आक्कांनी काठी आडवी धरली. "आसं न्हाई. तवा झाडाला विंग्रजीत ऐकवलं. आता मराठीत सांगा. आन इथं तिघांत सांगून काय उपेग? पारावर ज्यांनी भाऊंस्नी भूकंप म्हटलं, त्यास्नी कोण सांगणार?"

"इथं पारावर सांगू?" मी विचारलं.

"पारावरची माणसं मरून गेली निम्मी. छापा कुठंतरी. छापलेलं भाऊ मला वाचून दावतील, हितंच, बांधावर. झाड बी ऐकंल."

म्हणून हे दिवाळी अंकात लिहितो आहे. सुभेदार गणपतरावांच्या भिंतीला सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी हादऱ्यानं भेग पडली. तेव्हा ते दाढी करत होते. आरसा पडला, गाल कापला, भिंत फाटली, ह्याच क्रमानं. उंबराचा काही दोष नव्हता. खाली माझी सही आहे, आणि यातलं जे काही पाप असेल ते त्याच पत्त्यावर.

निघताना सुभेदारांनी रजिस्टर मागून घेतलं. शेवटच्या नोंदीखाली एक ओळ सोडून, त्याच सुरेख अक्षरात लिहिलं: 'सर्वेअर: हजर. एकोणीस वर्षे उशिरा. झुरळे: गैरहजर.' आणि रजिस्टर पेनासकट माझ्यापुढं धरलं. मी सही करायला वाकलो तर त्यांनी पानावर हात ठेवला.

"वाचून."

मी वाचलं. पहिल्या पानापासून वाचलं. कडेगावची शेवटची एसटी गेली.